तोच गडवा तीस वेळा: रोज चित्र काढायला बसायचं तर

शाळेत मी एलिमेंटरीची परीक्षा दिली होती. वस्तुचित्राच्या पेपरला समोर एक बादली, दोन कांदे आणि अर्धवट घडी मोडलेला टॉवेल ठेवला होता. बादलीचं तोंड काढता काढताच वेळ संपला. 'सी' ग्रेड आली आणि इंटरमिजिएटला मी बसलेच नाही. पुढची बावीस वर्षं पेन्सिल हातात आली ती किराण्याच्या यादीपुरती.

मग एका तान्ह्या पोळ्याला मुलीला वहीत बैल काढून हवा होता. मी काढला. तिने वही उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "आई, ही शेळी आहे ना?"

त्याला आता पाच वर्षं झाली. मी काही चित्रकार झाले नाही, पण बैल बैलासारखा दिसतो. आमच्या सोसायटीच्या हस्तलिखित दिवाळी अंकात गोष्टींसोबतची चित्रं माझी असतात. ओळखीतल्या बायका विचारतात, कुठल्या क्लासला जाते? क्लासला मी गेले नाही. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं, चांगला शिक्षक वर्षभराची ठेचाळणी वाचवतो. पण ज्यांना नोकरी, स्वयंपाक, शिकवण्या यांतून दिवसाला जेमतेम अर्धा तास मिळतो, त्यांच्यासाठी मी जे करत आले ते सांगते. यातलं बरंचसं आधी उलट करून, मग सुधारलेलं आहे.

पहिली पायरी: सामान कमी घ्या

मी उत्साहात नागपुरातल्या सीताबर्डीवर गेले आणि चोवीस पेन्सिलींचा डबा, वॉटरकलरचं ३०० जीएसएमचं, म्हणजे जाड कागदाचं, पॅड, चार ब्रश असं सगळं घेऊन आले. त्या पॅडचं एकेक पान इतकं महाग पडत होतं की त्यावर रेघ ओढायला हात धजेना. दोन महिने ते कपाटात साड्यांखाली पडून होतं.

लागतं ते एवढंच. एक एचबी, एक २बी आणि एक ६बी पेन्सिल. पेन्सिलीच्या शिसात खरं तर शिसं नसतंच, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. बी सोबतचा आकडा जितका मोठा तितकं ग्रॅफाइट जास्त आणि रेघ मऊ, काळी. एच सोबतचा आकडा वाढत गेला की माती जास्त, रेघ टणक आणि फिकी. तीन पेन्सिलींत वर्ष निघतं. एक साधं बॉलपेन. आणि ए-५ आकाराची कोरी वही, म्हणजे १४.८ बाय २१ सेंटिमीटर. ती पर्समध्ये मावते, हे तिचं सगळ्यात मोठं मोल. झेरॉक्सचा कागद साधारण ७०-७५ जीएसएमचा असतो, पेन्सिलीला तो पुरतो, पण शाई मागे उमटते. पेन वापरायचं असेल तर १३०-१५० जीएसएमचा कार्ट्रिज कागद बरा.

त्याहून स्वस्तात हवं असेल तर ऑफिसातले पाठकोरे कागद आणा, मधोमध दुमडा, दोन पिना मारा. पाठकोऱ्याचा एक फायदा विकतच्या वहीत नाही. पान वाया गेलं असं कधी वाटत नाही, कारण ते आधीच वाया गेलेलं असतं.

खोडरबर मात्र पहिला महिना नजरेआड ठेवा. चुकलेली रेघ तशीच राहू द्या आणि तिच्या शेजारी सुधारलेली ओढा. दोन्ही डोळ्यांसमोर असल्या की कुठे, किती चुकलं ते कळतं. खोडून टाकली की चूक दिसत नाही, आणि उद्या तीच पुन्हा होते.

दुसरी पायरी: वेळ कुकरला बांधा

"रोज रात्री नऊ वाजता बसेन" असं ठरवून पाहिलं. नऊ वाजता कधी पाहुणे, कधी मुलीचा गणिताचा पेपर, कधी लाइट गेलेली. घड्याळाशी बांधलेली वेळ टिकली नाही. रोज न चुकता होणाऱ्या कामाशी बांधलेली टिकली. आमच्याकडे संध्याकाळी वरण-भाताचा कुकर लागतोच. कुकर गॅसवर ठेवला की मी वही उघडते. शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. झाकण निघालं की वही बंद, चित्र अर्धं असलं तरी. कोणी चहा उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभं राहतं, कोणी मुलाला शिकवणीला सोडून गाडीवर बसून राहतं. तुमचा कुकर कुठला ते तुम्ही शोधा.

एखादा दिवस चुकेल. दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं बसून भरपाई करू नका. मी तसं करत होते आणि तीन दिवस चुकले की एक तासाचं कर्ज डोक्यावर बसायचं, मग वहीकडे बघायचीच भीती. चुकला तो गेला. आज वीस मिनिटं, बास.

प्रत्येक पानावर तारीख घाला आणि पान फाडू नका. या दोन गोष्टींचं महत्त्व महिन्याच्या शेवटी कळेल.

उन्हाळ्याचं थोडं वेगळं सांगायला हवं, कारण बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिलेली असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. हाताचा घाम कागदाला लागतो आणि पेन्सिलीची काळी छटा तळहाताबरोबर पानभर फिरते. हाताखाली एक जादा कागद ठेवा. आणि कुलरच्या थेट झोतात बसू नका. कुलरची हवा ओली असते. कागद तासाभरात मऊ पडतो, कडा वर येतात, पेन्सिल टोचून त्यात खड्डे पडतात. मला हे कळायला आख्खा एक उन्हाळा लागला, मी कागदवाल्याला बोल लावत होते. वही रात्री कुलरच्या खोलीबाहेर, वर एक जड पुस्तक ठेवून ठेवायची. जलरंगांचं उलट होतं. उन्हाळ्यात बाहेर बसून रंग पसरवायला जावं तर तो पसरण्याआधीच वाळतो आणि मध्ये कडा पडतात. पावसाळ्यात वाळतच नाही. म्हणून नव्या माणसाने नागपुरात रंगांना हात लावायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. तोपर्यंत पेन्सिल.

तिसरी पायरी: तीन मिनिटं हात मोकळा

गवई आधी सा लावतो तसंच हे. पान भरून उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा. पट्टी नाही. आधी दोन टोकांना दोन ठिपके द्या, पेन्सिल न टेकवता हवेतच दोन-तीनदा त्या वाटेने फिरवा आणि मग एका दमात ओढा. मनगट वळवून काढलेली लांब रेघ कमानीसारखी वाकते. खांद्यापासून हात हलवला तर सरळ जाते. त्यानंतर लंबवर्तुळं, म्हणजे चपटे गोल. एकावर एक तीन फेरे. हे कंटाळवाणं आहे, पण तीन मिनिटांचंच आहे.

चौथी पायरी: एक महिना एकच गडवा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

इंटरनेटवर 'तीस दिवसांचे तीस विषय' अशा याद्या मिळतात. पहिल्या दिवशी मांजर, दुसऱ्या दिवशी किल्ला, तिसऱ्या दिवशी अंतराळवीर. मी तशी एक यादी पूर्ण केली. तीस चित्रं झाली, तीसही सारखीच कच्ची. मांजरीत जे चुकलं ते सुधारायची संधी किल्ल्यात नव्हती.

त्याच सुमारास गणपतीची मूर्ती सांगायला आम्ही महाल भागातल्या चितारओळीत गेलो होतो. पोळा ते गणपती हे दिवस तिथे नुसती धांदल. एक म्हातारे चितारी मूर्तीचे डोळे आखत होते. बारीक ब्रश, श्वास रोखलेला, वरच्या पापणीची रेघ एका ओढीत. झाली की पुढची मूर्ती. पुन्हा तेच दोन डोळे. मी विचारलं, "काका, कंटाळा नाही येत?" ते मान वर न करता म्हणाले, "कायचा कंटाळा? दरवेळी येगळा असते ना थो डोळा."

घरी येऊन मी पितळेचा तांब्या काढला. आमच्याकडे त्याला गडवा म्हणतात. तो समोर ठेवला आणि ठरवलं, महिनाभर हाच.

गडवाच का? त्यात सगळं आहे. तोंडाचं लंबवर्तुळ, गळ्याची आत जाणारी वळणं, पोटाचा फुगार, डावी-उजवी बाजू सारखी असण्याची सक्ती आणि पितळेवरची चकाकी. शिवाय तो हलत नाही आणि नाराज होत नाही.

पहिले चार-पाच दिवस फक्त बाह्यरेषा. आधी मधोमध एक उभा आस हलक्या हाताने आखा. मग मोजा. पेन्सिल हातात उभी धरा, कोपर पूर्ण सरळ, एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक गडव्याच्या वरच्या कडेला लावा आणि अंगठा तळाच्या कडेपर्यंत सरकवा. आता तेच माप आडवं करून पोटाच्या सर्वांत रुंद जागेशी ताडून बघा. उंची रुंदीच्या सव्वापट आहे की दीडपट? कोपर दरवेळी सरळच हवं, नाहीतर माप बदलतं. आपल्या डोक्यात गडव्याचं एक ठरलेलं चित्र असतं आणि हात तेच काढत राहतो. मोजलं की ते मोडतं. माझा डोक्यातला गडवा खऱ्यापेक्षा चांगलाच उंच निघाला.

मग लंबवर्तुळं. बसून बघितलं तर गडव्याचं तोंड चपटं दिसतं. पण तळाचा गोल डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली असतो, म्हणून तो तोंडापेक्षा जास्त उघडा, जास्त गोल दिसतो. तळ जमिनीवर टेकलेला असतो म्हणून आपण खाली सरळ रेघ मारून मोकळे होतो आणि गडवा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. अकराव्या दिवशी मला हे दिसलं. दहा दिवस मी त्याच्याकडे रोज बघत होते आणि तळ सपाट काढत होते! शाळेतली बादली का जमली नव्हती तेही त्याच संध्याकाळी कळलं. बाई सांगत असणार, मीच ऐकलं नसेल.

लंबवर्तुळाच्या दोन टोकांना कोपरे नसतात, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा. लिंबाच्या फोडीसारखी टोकदार टोकं हे नवशिक्याच्या चित्राचं पहिलं लक्षण.

दुसऱ्या आठवड्यात एक गंमत करा. वहीकडे अजिबात न बघता, नजर गडव्याच्या कडेवरून मुंगीसारखी सरकवत तितक्याच वेगाने पेन्सिल चालवा. पेन्सिल उचलायची नाही. चित्र भयंकर येतं, तोंड एकीकडे, पोट दुसरीकडे. पण त्या वेड्यावाकड्या रेषेत गळ्यावरचा पोचा नेमका उतरलेला असतो, जो एरवी तुम्हाला दिसलाच नव्हता. माझ्या सासूबाई मागून बघत होत्या. म्हणाल्या, "काय वं, गडव्याचं एवढं काय पाहून राहिली? चोरीला गेला काय?"

आणखी एक युक्ती, कडीच्या भांड्याला जास्त लागू. भांडं काढूच नका. कडी आणि भांडं यांच्यामधली जी रिकामी जागा आहे, तिचा आकार काढा. रिकाम्या जागेला नाव नसतं, त्यामुळे तिच्याबद्दल डोक्यात ठरलेलं काही नसतं आणि ती बरोबर येते. ती बरोबर आली की कडी आपोआप बरोबर.

तिसरा आठवडा उजेडाचा. ट्यूबलाइट बंद करा, एका बाजूला एकच टेबललॅम्प. आता डोळे अर्धवट मिटून बघा. बारीकसारीक सगळं पुसलं जातं आणि फक्त उजळ-काळोखाचे मोठे तुकडे उरतात. सुरुवातीला तीनच छटा धरा. कागदाचा पांढरा, मधला करडा, आणि ६बीचा काळा. सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला नसतो, थोडा आत असतो. कडेपाशी टेबलावरून परतलेला उजेड पडतो आणि ती पुन्हा किंचित उजळते. गोलाई दिसते ती याच उजळ कडेमुळे. पितळेची आणखी एक खोड आहे. त्यात खिडकी, लॅम्प, तुमचं स्वतःचं डोकं सगळं वाकडं होऊन दिसतं आणि गडदाला लागूनच एकदम पांढरं येतं, मध्ये पायरी नाही. मातीचं मडकं ठेवलंत तर छटा हळूहळू बदलतात. दोन्ही शेजारी ठेवून एकदा काढा. पितळ म्हणजे काय आणि माती म्हणजे काय ते रंग न लावता दाखवता येतं.

शेवटचा आठवडा बॉलपेन. खोडता येत नाही म्हणून हात आधी बावरतो, मग विचार करून टेकतो. छटेसाठी समांतर रेघा, त्यावर तिरक्या रेघा. घाई केली की जाळी न होता गुंता होतो.

तीस दिवसांनंतर पहिलं आणि तिसावं पान शेजारी ठेवा. इतका उघड फरक मला बाकी कुठल्याच महिन्यात दिसला नाही.

पुढचे महिने असेच एकेका गोष्टीचे. माझे झाले ते स्वतःचा डावा हात, अर्धं सोललेलं संत्रं, दाराशी काढलेल्या चपला, मुलीचा लाकडी नंदीबैल. नंदीबैल खऱ्या बैलाच्या आधी काढावा. सुताराने अंगाचा ठोकळा, मानेचा ठोकळा, पायांचे दांडे असं सगळं आधीच सोपं करून दिलेलं असतं. खरा बैल बघताना मग तेच ठोकळे आत दिसायला लागतात.

पाचवी पायरी: हलणारी माणसं

घरातल्या वस्तू थोड्या हाताशी आल्या की बाहेर पडा. मी जयप्रकाश नगरहून कस्तुरचंद पार्कपर्यंत मेट्रोने जाते. डब्यात बाकं समोरासमोर, लांबीच्या बाजूने असतात, त्यामुळे समोरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. दोन स्टेशनांमध्ये दोनेक मिनिटं मिळतात. त्यात चेहरा काढायला जाऊ नका. आधी एकच वाकडी रेघ, डोक्यापासून बसलेल्या कमरेपर्यंत, म्हणजे तो माणूस कुठे झुकलाय. मग खांद्यांची रेघ, तिचा तिरकेपणा. मग हात कुठे आहेत. मोबाइल बघणारी माणसं सगळ्यात चांगली, मान खाली घालून ती बरीच वेळ तशीच राहतात. सीताबर्डीला निम्मा डबा उतरतो आणि चित्र अर्धं राहतं. राहू द्या. एका पानावर आठ-दहा अर्धी माणसं, हेच त्या पानाचं काम.

मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत. उभ्या मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट. लहान मुलं चार-पाच पटींत, म्हणून मूल काढताना डोकं मोठं ठेवावं लागतं, नाहीतर ते बुटका माणूस दिसतं. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मधोमध असतात. यावर कोणाचा विश्वास बसत नाही, सगळे डोळे वर कपाळात काढतात. आरशासमोर पेन्सिल धरून मोजून बघा. पंजा हनुवटीपासून कपाळाच्या मध्यापर्यंत पोचतो, आपण तो नेहमी लहान काढतो.

एक पथ्य. कोणाच्या लक्षात आलं आणि त्याला आवडलेलं दिसलं नाही, तर वही मिटायची. विशेषतः बायकांची चित्रं अनोळखी पुरुषाने टक लावून काढू नयेत. कोणी विचारलंच तर सरळ दाखवायचं. तर्री पोह्याच्या ठेल्यावर मी एकदा पोहेवाल्याचा हात काढत होते, पळीने तर्री ओततानाचा. त्याने वाकून वही पाहिली आणि म्हणाला, "ताई, काहून इतके बारके हात काढले माहे?" मी परत मोजलं. बारकेच काढले होते.

सहावी पायरी: रस्ते, पूल, इमारती

पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे दूर जाणाऱ्या गोष्टी कागदावर दाखवण्याची, भीती घालवायला वर्धा रोडसारखी जागा नाही. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल सरळ रेषेत जातो. फुटपाथवर खांबाला टेकून उभ्या राहा आणि एकच गोष्ट शोधा, आपल्या डोळ्यांची पातळी. चित्रात ती आडवी रेघ आधी आखा. पातळीच्या वरचं सगळं, म्हणजे पुलाच्या दोन्ही मजल्यांच्या कडा, दूर जाताना खाली उतरतात. पातळीच्या खालचं सगळं, म्हणजे फुटपाथची कड, दुभाजक, रस्त्यावरचे पट्टे, दूर जाताना वर चढतात. सगळे त्या आडव्या रेघेवर एकाच ठिपक्यात भेटतात. खांब पुढे पुढे बारीक होतात आणि त्यांच्यामधलं अंतरही आटत जातं. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. एवढं समजलं की पुस्तकातली आकृती आपोआप कळते. पाठ मात्र रहदारीकडे करू नका.

दीक्षाभूमीचा स्तूप दिसायला सोपा, काढायला अवघड. घुमट म्हणजे अर्धा गोल असं धरून कंपासने काढल्यासारखा काढला की तो हवेत तरंगतो. गडव्याचा तळ आठवा. घुमट जिथे खालच्या भिंतीवर टेकतो, तिथेही लंबवर्तुळच आहे. झिरो माइलच्या स्मारकात खांब आधी काढा, घोड्यांचे पुतळे नंतर. आणि घोड्यांचे पाय काढण्याआधी पायांमधल्या फटी काढा, तीच रिकाम्या जागेची युक्ती.

दुपारी कुठे बसायची सोय नसेल तेव्हा अजब बंगला. १८६३ साली सुरू झालेलं हे संग्रहालय आहे. आत दगडी मूर्ती आहेत, पेंढा भरलेले प्राणी आहेत आणि त्यांतलं कोणीही कितीही वेळ हलत नाही. महाराजबागेतल्या जिवंत प्राण्यांकडे जायचं ते त्यानंतर. आत लागलेल्या सूचना वाचून घ्या आणि दालनात पेन्सिलच वापरा, शाई नको.

वर्षातून एकदा मारबतीचा दिवस येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, पिवळी मारबत, काळी मारबत, बडगे, ढोल, धक्काबुक्की. तिथे उभं राहून नीट चित्र निघणार नाही. मी पाच-सहा रेघांत फक्त मोठे आकार टिपते आणि घरी येऊन आठवणीतून पूर्ण करते. शाळेत ज्याला स्मरणचित्र म्हणत आणि ज्यात सगळे नदीकाठचं झोपडं काढत, ते खरं हे आहे.

सातवी पायरी: नक्कल करा, पण उघडपणे

नक्कल करण्यात कमीपणा नाही. रद्दीच्या दुकानात जुने दिवाळी अंक मिळाले तर घ्या, त्यांच्याइतकी स्वस्त शाळा नाही. शि. द. फडणीसांची व्यंगचित्रं शब्दांवाचून बोलतात. माणूस कुठे उभा आहे, हात कुठे आहे, यावरूनच सगळी गोष्ट कळते. वसंत सरवट्यांच्या काळ्या शाईच्या रेघेत माणसाचा स्वभाव येतो. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांत रंगांचे पट्टे कसे मोजके लावलेत ते बघण्यासारखं.

पद्धत अशी ठेवा. एकदा बघून काढा. मग मूळ चित्र बंद करून आठवणीतून काढा. मग उघडून ताडा. आठवणीत जे सुटलं, तेच तुम्हाला समजलेलं नव्हतं. खाली 'अमुक यांच्यावरून' असं लिहून तारीख घाला आणि ते स्वतःचं म्हणून कुठे टाकू नका. मोबाइलमधल्या फोटोवरून काढायचं तर शक्यतो स्वतःच काढलेल्या फोटोवरून. फोटोत खोली आधीच चपटी झालेली असते, म्हणून आठवड्यातून निदान चार दिवस समोरची खरी वस्तू हवी.

आठवी पायरी: गोष्टीचं चित्र

इथपर्यंत यायला मला सात-आठ महिने लागले. गोष्टीसाठी चित्र म्हणजे वस्तू बरोबर येणं एवढंच नाही. एक वाक्य घ्या. समजा, 'आजी बसची वाट बघत होती.' आता काडेपेटीएवढ्या चार चौकोनांत चार वेगवेगळी चित्रं काढा, प्रत्येकी दोन मिनिटं. एकात आजी जवळून, एकात अगदी लांबून, रिकाम्या रस्त्यावर एवढीशी. एकात फक्त तिची पिशवी आणि पाय. एकात बसच्या खिडकीतून दिसणारी ती. पहिलं सुचलेलं चित्र बहुधा सगळ्यांनाच सुचतं. तिसरं-चौथं आपलं असतं. चौकोनांतलं जे लांबूनही कळतं ते मोठं करायचं. आजी काढता आली नाही तर परत मेट्रोत बसायचं, तिथे आज्या पुष्कळ.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी सगळी पानं जमिनीवर पसरते, पंखा बंद करून. पंखा चालू ठेवला तर काय होतं ते तुम्हाला एकदाच कळेल. दहा चुका दिसतात. त्यांतली एकच निवडायची आणि पुढच्या महिन्यात तिच्याच मागे लागायचं. मागच्या महिन्यात माझी होती ती बसलेल्या माणसाचे गुडघे. या महिन्यात दाराची चौकट.

दाखवायचं कोणाला? सुरुवातीला एकाच माणसाला. जो 'वा वा' म्हणतो त्याला नको, आणि जो हसतो त्यालाही नको. "यात काय दिसतं?" एवढंच विचारा. त्याने शेळी म्हटलं तर ती शेळी.

आज संध्याकाळीच सुरू करायचं असेल, तर गडवा रिकामा घ्या. भरलेला ठेवला तर पाचव्या मिनिटाला घरातलं कोणीतरी येऊन, तुमच्याकडे न बघता, पाणी प्यायला उचलून नेतं.